‘गाडी कुणी ठोकली?’ याच्या आधीचे प्रश्न

3 जून 2024 रोजी कोल्हापुरात सायबर चौकात एका भरधाव मोटारीनं दुचाकीस्वारांना उडवलं. सीसीटीव्हीतली ती फीत मोबाईलवरून सगळीकडं फिरली आणि ज्यानं त्यानं आपापला निकालही देऊन टाकला. पुढं कळलं, की मोटार चालवणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले होते, तेही त्यात गेले आणि गाडी चालवतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला असावा. फितीत वेग अगदी स्पष्ट दिसत होता. तो का वाढला, हे फितीतून कळण्यासारखं नव्हतं.

माल पोचवणाऱ्या गाडीला अपघात झाला की धंद्यात निकाल याहूनही लवकर लागतो. ड्रायव्हर अजून सीपीआर रुग्णालयाच्या दारात असतो, तोवर ऑफिसात ‘त्याचंच चुकलं’ हे ठरून गेलेलं असतं. खर्च पगारातून कापायचा की त्याला घरी बसवायचं, एवढंच बोलायचं उरतं. गांधीनगरच्या कापडपेठेतून निघणारे टेम्पो, मार्केट यार्डातले पिकअप, पहाटे दूध गोळा करणाऱ्या गाड्या, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून सुटे भाग नेणारे छोटे हत्ती, राजारामपुरीत जेवणाची पार्सलं पोचवणारी पोरं, या सगळ्यांच्या पोटाशी या निर्णयाचा संबंध आहे. तो नीट चौकशी करून कसा घ्यावा, हे मालक, मॅनेजर आणि सुपरवायझर यांच्यासाठी इथं लिहितो आहे. त्याला मोठी कंपनी लागत नाही. तीन गाड्यांच्या मालकालाही हे जमतं.

सगळ्यात आधी दोन कामं एकमेकांपासून तोडा. काय घडलं हे शोधणं हे एक काम. कुणावर काय कारवाई करायची हे ठरवणं हे दुसरं. दोन्ही एकाच बैठकीत, एकाच माणसानं उरकली की पहिलं काम होतच नाही, कारण समोर बसलेल्या ड्रायव्हरला कळतं, की आपण जे बोलू ते आपल्याच पगारातून वजा होणार आहे. मग तो बोलत नाही, किंवा ‘समोरचा आडवा आला’ एवढं एकच वाक्य धरून बसतो.

नवले पुलाचं उदाहरण यासाठी फार उपयोगाचं आहे. आपल्याच पुणे-बंगळूर महामार्गावर, कात्रजच्या नव्या बोगद्यानंतरच्या लांब उतारावर 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका मालवाहू गाडीनं डझनावारी वाहनांना धडक दिली. सुरुवातीला सगळीकडं ‘ब्रेक फेल’ असंच आलं. नंतर पोलिसांच्या तपासातून पुढं आलं, की ड्रायव्हरनं उतारावर इंजिन बंद केलं होतं. एअर ब्रेकला लागणारी हवा इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन बंद झालं की हवा भरणं थांबतं आणि उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक दाबत गेलं की टाकीतला दाब उतरत जातो. शेवटी पाय पेडलवर असतो आणि गाडी थांबत नाही.

चौकशी इथं थांबवली तर दोष ड्रायव्हरचा ठरतो आणि फाईल बंद होते. पण आणखी एक पायरी उतरा. इंजिन बंद का करावंसं वाटतं? डिझेल वाचतं म्हणून. ते वाचवायची ड्रायव्हरला एवढी निकड का? आपल्या धंद्यात गाडीचं ॲव्हरेज ठरवून दिलेलं असतं, आणि त्याच्या खाली गेलं तर फरक ड्रायव्हरच्या हिशेबात पडतो, हे कुणापासून लपलेलं नाही. नवले पुलावरच्या त्या गाडीच्या मालकानं असं काही केलं होतं, असं मी म्हणत नाही. तुमच्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न तुम्ही विचारायला हवा, एवढंच म्हणतो. तुमच्या हिशेबवहीत ॲव्हरेजचा दंड असेल, तर उतारावर इंजिन बंद करण्यात ऑफिसचाही वाटा आहे, आणि तो अहवालात लिहिला गेला पाहिजे. एका ड्रायव्हरला काढून दुसरा आणला आणि दंड तसाच ठेवला, तर दुसराही तेच करील.

केंद्र सरकारच्या 2022 च्या अहवालात देशातल्या 72.3 टक्के अपघातांचं कारण ‘अतिवेग’ असं नोंदलं आहे. अपघाताच्या नोंदीसाठी एवढं पुरतं. धंद्याच्या चौकशीत मात्र अतिवेग हे उत्तर मानू नका, तिथून पुढचा प्रश्न सुरू करा.

पहिल्या दोन दिवसांत काय जपायचं

जखमीला दवाखान्यात नेणं, 112 ला फोन, पोलिसांना खबर आणि विमा कंपनीला लगेच कळवणं, हे सगळ्यांना माहीत आहे. दोन गोष्टी मात्र ठळकपणे सांगायला हव्यात. गाडीला हात लावू नका. आरटीओच्या निरीक्षकानं तपासल्याशिवाय ती गॅरेजला नेली, टायर बदलला, तुटलेला आरसा काढून टाकला, तर ड्रायव्हरच्या बाजूचा पुरावाही त्याबरोबर जातो. आणि ड्रायव्हर बदलू नका. लायसनचा घोळ असेल तर ‘दुसऱ्याचं नाव लावू’ ही सूचना कुणीतरी हमखास करतो. पुण्यातल्या 19 मे 2024 च्या कल्याणीनगर अपघातानंतर घरच्या चालकावर गुन्हा अंगावर घेण्यासाठी दबाव आणल्याचा आरोप झाला आणि त्यातून आणखी अटका झाल्या, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. लायसनचा घोळ तरी खरंच आहे का, हे तपासा. हलक्या वाहनाच्या लायसनवर 7,500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये दिला आहे. छोटा हत्ती आणि पिकअप या मर्यादेच्या कितीतरी आत बसतात.

ड्रायव्हर जागेवरून निघून गेला, यावरून त्याला दोषी धरू नका. मोटार वाहन कायद्यानं जखमीला मदत करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली आहे खरी, पण जमावाच्या रोषामुळं किंवा त्याच्या हाताबाहेरच्या कारणामुळं ते शक्य नसेल, ही सवलतही त्याच कलमात आहे. निघून गेल्यावर तो कुठं गेला, हे पाहा. जवळच्या पोलीस ठाण्यात गेला असेल तर त्याचं वागणं कायद्याला धरून आहे.

आता कागद आणि कॅमेरे. रस्त्याकडेच्या दुकानांतल्या सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून त्याच दिवशी दुकानदाराकडं जा, नम्रपणे मागा आणि घेताना एक काम न विसरता करा. डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि तुमच्या मोबाईलवरची वेळ शेजारी धरून फोटो काढा. बऱ्याच दुकानांतली घड्याळं काही मिनिटं पुढं-मागं असतात. सात मिनिटांचा फरक लक्षात आला नाही, तर अपघाताच्या क्षणी ड्रायव्हर फोनवर होता, असा खोटा निष्कर्ष निघू शकतो.

महामार्गावरची गाडी असेल तर फास्टॅगचे मेसेज काढा. किणी नाक्यावर पैसे कापल्याची वेळ आणि अपघाताची वेळ यांवरून मधल्या अंतरात गाडी सरासरी किती वेगानं आली, हे कुणीही कागदावर काढू शकतं. जीपीएस असेल तर त्याची नोंद, ट्रिपशीट, बिल्टी, काट्याची पावती, मागच्या चार-सहा दिवसांची हजेरी आणि गॅरेजची शेवटची बिलं, हे सगळं एका पाकिटात घाला. त्यावर तारीख आणि गोळा करणाऱ्याची सही हवी.

जागेवर जाऊन या, आणि अपघात ज्या वेळी झाला त्याच वेळी जा. दुपारी बारा वाजता उचगावच्या रस्त्यावर उभं राहून पहाटे पाचचा अपघात कळत नाही. ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मागं रिफ्लेक्टर नसताना अंधारात रस्त्यावर असतात, कधी पंक्चर होऊन तिथंच उभे राहतात. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामात वळणरस्ते बदलत राहिले आहेत. काल सरळ जाणारा रस्ता आज डावीकडं वळवलेला असतो. हे सगळं ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघा, म्हणजे तशाच गाडीच्या सीटवर बसून.

रस्त्याचा वाटा असतो, हे कोल्हापूरला तरी वेगळं सांगायला नको. 26 जानेवारी 2018 च्या रात्री शिवाजी पुलाचा कठडा तोडून मिनीबस पंचगंगेत कोसळली आणि 13 जण गेले. तेव्हा ड्रायव्हरबरोबर जुन्या पुलाचीही चर्चा झाली, आणि शेजारच्या पर्यायी पुलाच्या अडकून पडलेल्या कामाचीही. ती चर्चा योग्यच होती.

ड्रायव्हरचं ऐकताना

त्याच रात्री जबाब घेऊ नका. धक्क्यातला माणूस पोकळ्या भरून काढतो, विचारणाऱ्याला हवं ते म्हणून मोकळा होतो. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर, झोप झाल्यावर बोला. मात्र आठवडाभर लांबवूही नका.

बसवल्यावर पहिला प्रश्न ‘मोबाईलवर होतास का?’ हा नको. ‘काल सकाळी उठल्यापासून सांगा’ म्हणा आणि गप्प बसा. मध्ये तोडू नका. तो गोडाऊनमधून निघाल्याचं सांगेल, माल भरायला दोन तास उशीर झाल्याचं सांगेल, जेवण राहिल्याचं सांगेल. अपघाताची कारणं बहुधा इथंच, तो बिनमहत्त्वाचं समजून सांगतो त्या भागात सापडतात. पूर्ण सांगून झाल्यावर मग नेमके प्रश्न विचारा: समोरची गाडी पहिल्यांदा दिसली तेव्हा तुम्ही कुठं होता, कोणत्या गिअरमध्ये होता, ब्रेक दाबल्यावर पेडल कसं लागलं. आणि वयानं मोठ्या माणसाला अहो-जाहो करा, एरवी अरे-तुरे करत असाल तरी. त्या खोलीत तो आरोपी नाही.

जबाब त्याच्याच शब्दांत लिहा. ‘डुलकी लागली’ म्हणाला असेल तर ‘निष्काळजीपणामुळे झोप लागली’ असं लिहू नका. सीमाभागातला ड्रायव्हर कन्नडमध्ये मोकळा बोलत असेल, बिहारचा हिंदीत, तर त्या भाषेत घ्या. वाचून दाखवा, दुरुस्त्या करू द्या, सही घ्या, एक प्रत त्याला द्या. कोऱ्या कागदावर सही तर कधीच घेऊ नका. त्याला सोबत कुणी हवं असेल, एखादा सहकारी किंवा युनियनचा माणूस, तर बसू द्या. त्यानं चौकशी बिघडत नाही, उलट पुढं ‘दमदाटी केली’ म्हणायला जागा राहत नाही.

पोलिसांत गुन्हा दाखल असेल तर आणखी एक काळजी घ्या. फौजदारी खटल्यात स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती आरोपीवर करता येत नाही, आणि तुम्ही घेतलेला जबाब उद्या कोर्टात मागवला जाऊ शकतो. हे ड्रायव्हरला आधी सांगा आणि वकिलाशी बोलायला वेळ द्या.

ऑफिसची उलटतपासणी

हा भाग बहुतेक चौकशांत नसतोच, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

समजा, ड्रायव्हरच्या मोबाईलची नोंद त्याच्या संमतीनं पाहिली आणि अपघाताच्या आधीच्या वीस मिनिटांत पाच फोन आलेले दिसले. घाईघाईनं ‘फोनवर बोलत होता’ असं लिहिण्याआधी ते नंबर बघा. दोन गिऱ्हाईकाचे, तीन तुमच्याच डिस्पॅचच्या पोराचे: ‘कुठं पोचलास? पार्टी ओरडतीय.’ ड्रायव्हरनं फोन उचलायला नको होता, हे खरंच आहे. पण गाडी चालू असल्याचं ठाऊक असताना फोन करणाऱ्याचं नावही अहवालात यायला हवं, आणि त्याला तसं करायला लावणाऱ्या पद्धतीचंही.

तासांचा हिशेब मांडा. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांतीही. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हा विषय त्यांत गेला, पण आठ तासांचा दिवस तिथंही कायम आहे. आदल्या रात्री अकराला गाडी लावून पहाटे चारला पुन्हा बोलावलं असेल, तर ‘झोप काढायला पाहिजे होती’ हे वाक्य कुणाला उद्देशून म्हणायचं?

मग गाडी. टायरची नक्षी किती उरली होती, ब्रेकची तक्रार आधी कुणी केली होती का, केली असेल तर कुणाकडं? बहुतेक ठिकाणी तक्रारी तोंडी असतात आणि अपघातानंतर त्या कुणालाच आठवत नाहीत. म्हणून गाडीत एक साधी वही ठेवा. ड्रायव्हरनं लिहायचं, मॅनेजरनं वाचून सही करायची. माल किती भरला होता, तो काट्याच्या पावतीवरून बघा, अंदाजानं नको.

हे सगळं तपासणारा माणूस ती ट्रिप लावणारा नसावा. घरच्या धंद्यात मालकच ट्रिप लावतो, मालकाचा भाऊ गाड्या बघतो आणि मेहुणा हिशेब, तेव्हा बाहेरचा माणूस आणायलाच लागतो. लॉरी ऑपरेटर्स असोसिएशनमधला एखादा जुना जाणता सभासद, शेजारच्या कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर किंवा निवृत्त एसटी ड्रायव्हर चालेल. सोबत ड्रायव्हरांनी निवडलेला एकजण. तिघं पुरेत.

निर्णय आणि पैसे

अहवाल आल्यावर कारवाईचा विचार करा, आणि करताना परिणामाकडं बघून शिक्षा ठरवू नका. हे अवघड आहे, माणूस दगावला असेल तर फारच. पण रिव्हर्स घेताना आरसा न बघण्याची चूक गेल्या महिन्यात भिंतीला घासून निभावली आणि या महिन्यात मागं पोरगं होतं, तर चूक तीच आहे. गेल्या महिन्यात तुम्ही हसून सोडून दिली असेल, तर आज अख्खा भार त्या ड्रायव्हरवर टाकणं न्यायाचं नाही.

स्वतःला विचारा, की तेवढ्याच तासांनंतर, त्याच गाडीत, त्याच रस्त्यावर तुमचा सगळ्यात भरवशाचा ड्रायव्हर असता तर काय झालं असतं? त्याच्याकडूनही तेच झालं असतं असं वाटत असेल, तर दुरुस्ती कामाच्या पद्धतीत करा. घाईची सवय लागली असेल तर शिकवणं, सोबत बसून ट्रिपा करणं, ताकीद देणं. दारू पिऊन चालवणं किंवा धोका दिसत असूनही मुद्दाम बेपर्वाई करणं, तिथं कडक कारवाई हवीच, आणि ती करताना संकोचू नका. रस्त्यावरच्या माणसाचाही तुमच्याकडून न्यायाचा हक्क आहे.

नोकरीवरून काढायचं असेल तर त्यासाठी वेगळी खातेनिहाय चौकशी लागते: आरोपपत्र, उत्तराला वेळ, कागदपत्रांच्या प्रती, साक्षीदारांना प्रश्न विचारायची संधी. चोलन रोडवेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की अशा चौकशीत फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठं झुकतं ते पाहायचं असतं. म्हणजे कोर्टातून सुटला तरी खात्याची कारवाई होऊ शकते. त्याचप्रमाणं गुन्हा दाखल झाला एवढ्यावरून दोष सिद्ध झाला, असंही होत नाही. चौकशीपुरतं निलंबित केलं आणि स्थायी आदेश लागू असतील, तर पहिले 90 दिवस निम्मं वेतन निर्वाहभत्ता म्हणून द्यावं लागतं. लहान मालकांनाही माझं सांगणं हेच आहे. बिनपगारी घरी बसवलेला ड्रायव्हर उचल घेऊन कर्जात जातो आणि चौकशीत काहीही कबूल करतो.

पगारातून कापण्याची घाई तर अजिबात करू नका. पूर्वीचा वेतन प्रदान कायदा आणि आताची वेतन संहिता, दोन्हींत नियम एकच आहे: कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त नको, आणि कामगाराला आपलं म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय कपातच नको. विम्यातून मिळालेला खर्च ड्रायव्हरकडून पुन्हा वसूल करणं तर सरळ अन्यायच आहे.

ड्रायव्हर स्वतः जखमी झाला असेल तर त्याची भरपाई या चौकशीवर लटकवून ठेवू नका. 1923 च्या कामगार भरपाईच्या कायद्यापासूनचं तत्त्व सामाजिक सुरक्षा संहितेतही आलं आहे. कामावर असताना इजा झाली तर कामगाराची चूक होती म्हणून भरपाई बुडत नाही. नशा किंवा सुरक्षेच्या आदेशाचा मुद्दाम भंग असे अपवाद आहेत, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तेही लागू होत नाहीत. ही माहिती ड्रायव्हरच्या बायकोपर्यंत पोचवणं मालकाचं काम आहे. ती विचारायला येईल, याची वाट बघू नका.

ॲपवर काम करणाऱ्या पोरांची गोष्ट वेगळी आहे. तिथं चौकशी करणारा माणूसच समोर नसतो. अपघात होतो आणि आयडी बंद पडतो. कोगनोळी नाका ओलांडून कर्नाटकात गेलं, तर तिथं 2025 च्या कायद्यानुसार काम बंद करण्यापूर्वी साधारणपणे 14 दिवसांची नोटीस आणि लेखी कारण द्यावं लागतं. आपल्याकडच्या टीम लीडरांनी निदान एवढं करावं, की मुलाचं म्हणणं लेखी घेऊन वर पाठवावं आणि त्याला पोच द्यावी. आणि मुलांनी ऑर्डर कधी आली, कधी उचलली, पोचवायची वेळ किती दाखवली होती, याचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवावेत. आयडी बंद झाल्यावर ही नोंद बघायला मिळेलच, असं नाही.

अहवालाच्या शेवटच्या पानावर तीन रकाने असू द्या: काय बदलायचं, कोण बदलणार, कोणत्या तारखेपर्यंत. ॲव्हरेजचा दंड बंद, गाडी चालू असताना डिस्पॅचनं फोन करायचा नाही, रात्री उशिरा आलेल्याला पहाटेची ट्रिप नाही. ड्रायव्हरचं नाव काढून अहवाल सगळ्या ड्रायव्हरांना वाचून दाखवा आणि त्यांचं म्हणणं त्याखाली लिहा. कामावर परतलेल्या ड्रायव्हरला पहिले काही दिवस शहरातल्याच जवळच्या ट्रिपा द्या, शेजारी जुना माणूस बसवा. अपघाताच्या जागेवरून पहिल्यांदा जाताना तो एकटा नसावा. तीन महिन्यांनी तेच पान पुन्हा काढा आणि तिसऱ्या रकान्यातल्या तारखा तपासा.